तुला कुठे राहायचंय?

गच्चीवर बिबड्या सोडवत बसले होते. ज्वारी तीन दिवस भिजवून, भरडून, पहाटे शिजवून ओल्या कापडावर थापलेल्या, दिवसभराच्या उन्हाने कडक झालेल्या. कापड उलटं करायचं, मागून पाण्याचा हबका मारायचा आणि बोटांनी हळूच एकेक सुटी करायची. मे महिन्यात धुळ्याला संध्याकाळी साडेपाचलासुद्धा गच्चीची फरशी तळव्यांना पोळते. तेवढ्यात लेकीचा फोन आला. तिच्याकडे दुपारचा एक वाजलेला, जेवायची सुट्टी. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. ती म्हणाली, "आई, पोर्तुगालला येऊन राहायचं तर बाबांचं ठरल्यासारखं आहे, ते आलेंतेझू म्हणतात. मला वाटतं तुम्ही माझ्याजवळ ब्रागातच राहावं. पण तुला कुठे राहायचंय?" मी बिबडीवरून नजर न काढता म्हटलं, "तुम्ही दोघं ठरवाल तिथे." ती "बरं" म्हणाली, थोडं इकडचं तिकडचं बोलली आणि फोन ठेवला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रश्न अवघड होता म्हणून नव्हे. उत्तर इतक्या झटकन आलं म्हणून.

लेक पोर्तुगालच्या उत्तरेला ब्रागा नावाच्या शहरात नोकरी करते, आता सात वर्षं झाली. तिथे निवृत्त माणसांना येऊन राहता येतं, त्याला डी-७ व्हिसा म्हणतात. नोकरी न करता दर महिन्याला ठरावीक रक्कम हातात येते हे दाखवावं लागतं. ती रक्कम म्हणजे त्यांच्याकडचं किमान वेतन, २०२५ साली ८७० युरो, आणि जोडीदारासाठी त्याच्या निम्मे. दोघांचे मिळून १३०५. यांची पाटबंधारे खात्याची आणि माझी शाळेची, दोन्ही पेन्शनी एकत्र केल्या की आकडा कसाबसा जुळतो. वर्षभर पुरेल एवढी शिल्लक तिथल्या बँकेत ठेवायची, वर्षाचा भाडेकरार दाखवायचा. कागदाचं काम यांना आवडतं, त्यांनी एक निळी फाईलच केली. राहिला प्रश्न एकच, देशाच्या कुठल्या भागात? तो देश आपल्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान आहे, तरी इकडचं हवामान तिकडे नाही आणि तिकडची माणसं इकडे नाहीत. म्हणून फेब्रुवारीत तीन आठवडे जाऊन आलो. लेकीने मुद्दामच हिवाळा निवडला. तिचं म्हणणं, उन्हाळ्यात सगळीच गावं चांगली दिसतात, राहायचं असेल तर त्यांचे वाईट दिवस आधी पाहावेत. एखादं स्थळ पाहायला जावं तसंच झालं ते. पाहुणे येणार म्हणून सारवलेल्या घरापेक्षा, न सांगता गेल्यावर दिसणारं घर खरं.

बत्तीस वर्षं मी भूगोल शिकवला. भूमध्य सागरी हवामान फळ्यावर लिहून द्यायचे, "उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात." मुलं पाठ करायची, मीही दरवर्षी तेच शब्द म्हणायचे. पण पाऊस हिवाळ्यात पडतो म्हणजे काय, हे मला ब्रागाच्या त्या फ्लॅटमध्ये कळलं. आपल्याकडे पाऊस येतो तो सुटका म्हणून. मृगाचा पहिला शिडकावा झाला की मातीचा वास उठतो, पोरं अंगणात धावतात, पेरणीची घाई सुरू होते. तिथे पाऊस आणि थंडी एकाच वेळी येतात. भिंती दगडी, घरात ऊब देणारी सोय बहुतेक ठिकाणी नाहीच. कपाटातल्या शालीला चार दिवसांत कुबट वास लागला, न्हाणीघराच्या छताला काळे ठिपके. वाळत घातलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओलाच. वर्षाला १४०० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि आमच्या शिंदखेड्याकडे पाचशे झाला तरी लोक बरं वर्ष म्हणतात. बाहेर मात्र सगळं हिरवंगार होतं. मोठ्या पानांची कोबी प्रत्येक परसात, अगदी फाटकाशीसुद्धा. लेक सकाळी आठला जायची ती संध्याकाळी सातला यायची. तोवर मी खिडकीशी. ती घरी आली की पाच मिनिटं माझे हात हातात धरून बसायची, गार पडलेले असायचे म्हणून. त्या पाच मिनिटांसाठी ब्रागात राहावं असं मला अनेकदा वाटलं, अजूनही वाटतं. पण ती तरी तिथे किती वर्षं असेल? उद्या तिला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली तर तिने आमच्यासाठी ती सोडावी का? मुलांच्या मागे जाऊन वसलेले आईबाप मी इथे पुण्यात, नाशकात पाहिले आहेत. मूल बदलीवर निघून जातं आणि ते सोसायटीच्या बाकावर उरतात.

एक गोष्ट मात्र मला तिथे फार जवळची वाटली. घरमालकीण किल्ली देताना "शाव्ह" म्हणाली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, ही तर आपली चावी. मग मी शब्द वेचतच सुटले. साबण, पाव, बटाटा, इस्त्री, कोबी. घमेलं त्यांचं, तुरुंग त्यांचा. ज्या पगारावर आमची सगळी हयात गेली तो पगारही त्यांचाच, पैसे चुकते करणे या अर्थाचं क्रियापद. आणि लिलाव! माझ्या लहानपणी घरात रोज दहा वेळा तोंडी येणारा शब्द. केळीचा लिलाव, कापसाचा लिलाव. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी किनाऱ्यावर उतरलेले हे शब्द घाट चढून सावद्याच्या बाजारापर्यंत पोचले आणि तिथलेच झाले. त्यांना कोणी विचारलं नसेल, कुठल्या भागात राहता म्हणून.

दक्षिणेचा अल्गार्व आम्ही दोन दिवसांत उरकला. ऊन सोन्यासारखं, बदामाची झाडं पांढऱ्या-गुलाबी फुलांनी लगडलेली, दवाखान्यात इंग्रजी बोलणारे डॉक्टर. इंग्लंड, जर्मनी, हॉलंडची निवृत्त माणसं तिथे चाळीस वर्षांपासून येऊन राहताहेत, म्हणून सगळी सोय आहे आणि म्हणूनच भाडीही चढी आहेत. पण समुद्राकाठच्या वस्त्यांमध्ये निम्म्या खिडक्या बंद. उन्हाळ्यात येणाऱ्यांची घरं ती. संध्याकाळी सहा वाजता रस्त्यावर एक लहान मूल दिसेना. मला तिथे राहवलं नसतं, त्याचा फार विचारही करावा लागला नाही.

यांचा जीव बसला तो आलेंतेझूवर. लिस्बनच्या खाली, आत, कोरडा पठारी मुलूख. एव्होराकडे जाताना बसमधून दोन्ही बाजूंना गवताचे माळ, त्यात सुटी सुटी झाडं, विजेच्या खांबांवर करकोच्यांची भलीमोठी घरटी. गावं चुन्याने पांढरी केलेली, दाराखिडक्यांभोवती निळा नाहीतर पिवळा पट्टा. उन्हाळ्यात पारा चाळिशी पार करतो. आमारलेझा नावाच्या गावी २००३ च्या ऑगस्टमध्ये ४७.३ अंश नोंदलेत, तो त्या देशाचा उच्चांक आहे. हे वाचून यांना आनंद झाला. म्हणाले, "आपल्या भुसावळचाच भाऊ." तिथल्या सालीच्या ओकांची गोष्ट मला विसरता येत नाही. बाटल्यांची बुचं करतात ती साल दर नऊ वर्षांनी काढतात, त्याआधी काढायची नाही असा कायदा. आणि ज्या वर्षी काढली त्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवतात. एका झाडावर २ होता. म्हणजे २०२२, पुढची साल २०३१ ला. मी सदुसष्टची असेन. रोप लावल्यापासून पहिली साल निघायला पंचवीस वर्षं, चांगल्या बुचाची साल मिळायला चाळिशी ओलांडावी लागते. लावणारा आणि काढणारा बहुधा वेगळाच. त्या तांबूस, नुकत्या सोललेल्यासारख्या खोडावर हात ठेवून मी बराच वेळ उभी होते, आणि हे बस सुटेल म्हणून हाका मारत होते.

यांना खरं ओढलं अल्केव्हाच्या धरणाने. ग्वादियाना नदीवरचं हे धरण, २००२ साली त्याचे दरवाजे बंद केले आणि कोरड्या मुलखात अवाढव्य जलाशय तयार झाला. यांनी आयुष्यभर पाटचाऱ्या मोजल्या. पांझरेवरचे जुने बंधारे, फड पद्धत, म्हणजे एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाटकरी ठरवेल तसं पाळीने पाणी घ्यायचं, यावर ते अजूनही तासभर बोलू शकतात. पाणी पाहिलं की त्यांचा चेहराच बदलतो. पण त्या जलाशयाकाठी लुझ नावाचं एक गाव आहे. जुनं लुझ पाण्याखाली गेलं आणि जवळच नवं बांधून दिलं. जुने शेजारी नव्या गावातही शेजारी राहतील अशी घरांची आखणी केली. दफनभूमीसुद्धा उचलून नेली. तिथलं संग्रहालय पाहून बाहेर आल्यावर हे गप्प झाले. नोकरीत असताना त्यांनी तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहती पाहिल्या होत्या, नर्मदेकाठच्या अक्कलकुवा-अक्राणीच्या गावांतून उठवलेल्या माणसांच्या. सरळ रेषेत घरं, सरळ रस्ते आणि नदी कुठेच नाही. परतीच्या बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "यांनी निदान कोण कोणाशेजारी राहत होतं ते तरी विचारलं."

विचारलं. हा शब्द मला तेव्हा टोचला नाही. मे महिन्यात गच्चीवर टोचला.

मदेरा बेटावर जायचा हट्ट लेकीचा. लिस्बनहून विमानाने पावणेदोन तास. मला सांगितलं नव्हतं, पण तिने माझ्यासाठीच ते ठरवलं होतं. फुंशालच्या पश्चिमेला गाडी वळली आणि डोंगराच्या उतारावर, दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या-पायऱ्यांवर, घरांच्या मधोमध, अगदी समुद्रापर्यंत केळी. माझं माहेर रावेर तालुक्यातलं. डोळे मिटले तरी मला केळीच्या बागेतला तो दमट अंधार दिसतो, वाळक्या पानांची सळसळ ऐकू येते, चिकाचे काळे डाग पडलेले आप्पांचे सदरे दिसतात. इथली केळी बुटकी, घड लहान, पण पान तेच. आणि पाणी कसं येतं? डोंगराच्या ओल्या उत्तर अंगावरून कोरड्या दक्षिणेला, कड्याच्या पोटातून काढलेल्या अरुंद पाटांनी. लेव्हादा म्हणतात त्यांना. कोणाला किती वेळ पाणी द्यायचं ते पाहणारा माणूस लेव्हादेरू. यांनी लगेच म्हटलं, "अरे, हा तर पाटकरी!" तिथे ना थंडी ना ऊन, हिवाळ्यात सोळा-सतरा, उन्हाळ्यात तेवीस-चोवीस. मला वाटलं होतं, मी रडेन. तसं काही झालं नाही. पानाला हात लावला, बरं वाटलं, आणि मग नजर त्या चढावर गेली. प्रत्येक गल्ली जिन्यासारखी. माझे गुडघे आत्ताच कुरकुरतात. वारा जोराचा असला की विमानं उतरत नाहीत, माघारी जातात. माहेर बागेत नव्हतं, हे मला त्या बेटावर समजलं. बागेला पाणी धरून रात्री दोनला घरी येणारे आप्पा आणि त्यांच्यासाठी चूल पेटवून बसलेली माय, ते माहेर. ती दोघंही आता नाहीत.

१९८६ साली माझं लग्न झालं, बाविसावं सरलं होतं. तेव्हा मुलगी कुठल्या भागात द्यायची याची फार चर्चा व्हायची, अजूनही होते. पाण्याचं गाव आहे का, जमीन काळी की बरड, रस्ता कसा, बाजार किती लांब. आप्पा आणि काका ओट्यावर बसून बोलत होते, मी आत माजघरात ज्वारी निवडत होते. शिंदखेड्याकडचा भाग, पाण्याची बोंब, असं काका म्हणाले. मुलगा सरकारी नोकरीत आहे, असं आप्पा म्हणाले. ठरलं. मला आत येऊन सांगितलं. मायने तोंडावरून हात फिरवला. विचारलं कोणी नाही, आणि विचारायला हवं होतं असं मलाही तेव्हा वाटलं नाही. बागाईत मुलखातून मी मिरची-कापसाच्या कोरडवाहूत आले. एप्रिलपासून टँकरची वाट. माहेरची बोली वेगळी, इथे सगळे अहिराणी बोलायचे. पहिले सहा महिने मी शेतातल्या बायांचं बोलणं ओठांकडे बघून समजून घेत असे. सासूबाई म्हणायच्या, "करमी जाई पोरी." आणि खरंच करमलं. दोन वर्षांनी मी स्वप्नंही अहिराणीत बघायला लागले. आता पोर्तुगीजचे धडे मोबाइलवर ऐकताना लेकीला माझं कौतुक वाटतं. तिला मी सांगितलं, अगं, हे मी एकदा केलेलं आहे. आपल्याकडच्या प्रत्येक बाईने केलेलं आहे.

या सगळ्यात एक हिशोब मात्र माझा मी केला, कोणी न सांगता. परवाना मिळाला की पहिली दोन वर्षं सलग सहा महिने किंवा तुकड्यातुकड्यांनी मिळून आठ महिन्यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहता येत नाही. म्हणजे दोन वर्षांत आठ महिने. मी कॅलेंडर घेऊन बसले. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते एप्रिल-मेमध्ये, कानबाईचा सण श्रावणात, दिवाळी त्यानंतर. तिन्हीला दरवर्षी येणं जमणार नाही. त्यातलं एक धरायचं तर आखाजी. झाडाला झोका, गौराईची गाणी, भर उन्हात घागर भरणं, आणि लेकी माहेरी येतात म्हणून घराला येणारी ती गडबड. माझी माय गेली त्याला अकरा वर्षं झाली. भाऊ बोलावतो, वहिनी मनापासून करते, पण आखाजीला मी जाते ती आता भावाच्या घरी. माझी लेक सात वर्षांत एकदाही आखाजीला येऊ शकलेली नाही. आता आम्ही तिच्याकडे गेलो तर तिचं माहेर तिच्याच शहरात येणार, आणि मी आई असून पाहुणी होणार, की ती लेक असून यजमान? मला याचं उत्तर सापडत नाही. तिला ते सुखाचं होईल, एवढं दिसतं.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला तिथल्या भारतीय दूतावासातूनही देता येतो, हे यांनी फाईलमध्ये लिहून ठेवलंय. दवाखान्याचंही लिहिलंय. सरकारी आरोग्यसेवा चांगली आहे, पण नेमून दिलेला कुटुंबाचा डॉक्टर नसलेली माणसं त्या देशात पंधरा लाखांवर आहेत, आणि आतल्या गावांतून मोठं रुग्णालय गाठायचं तर एव्होरा नाहीतर बेझा. यांना साखर आहे, माझं ब्लडप्रेशर. लुझच्या जलाशयाकाठी सूर्यास्त कितीही सुंदर असला, तरी रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर किती किलोमीटर, हे मी विचारलं नाही. तेही मी कोणाला विचारलं नव्हतं, कारण त्यांचा चेहरा फार आनंदी होता.

आठ दिवस मी हे मनात घोळवत राहिले. बिबड्या डब्यात भरल्या, निम्मा डबा लेकीसाठी वेगळा काढला. काल रविवारी पुन्हा तिचा फोन आला. हे आत टीव्हीवर बातम्या पाहत होते. मी गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले. ती नेहमीसारखी, जेवलीस का, गोळी घेतलीस का. मीच म्हटलं, "त्या दिवशी तू मला विचारलं होतंस."

"काय गं?"

"मला कुठे राहायचंय ते." आणि मग एकदम पुढचं सुचेना. जीभ जड झाली. बत्तीस वर्षं वर्गात बोलले, पण हे वाक्य मी कधी बोललेच नव्हते. तिनेही घाई केली नाही. मी हळूहळू सांगत गेले. "सपाट गाव हवं मला. चढ नको. भाजीबाजारात पायी जाता आलं पाहिजे, पिशवी घेऊन, कोणाची वाट न बघता. तुझ्यापासून रेल्वेने एका दिवसात जाऊन येता यावं, पण तुझ्या इमारतीत नको. मोठा दवाखाना त्याच शहरात हवा. बाबांना पाणी लागतं, तर नदी असू दे जवळ, धरण नसलं तरी चालेल. आधी एक वर्ष भाड्याने राहू, विकत काही नको. दाराबाहेर बायका खुर्च्या टाकून बसतात ना संध्याकाळी, एव्होराला पाहिलं होतं, तशी गल्ली हवी. आणि ऊन. बिबड्या वाळतील एवढं ऊन, चार महिने तरी. पूर्वेला खिडकी."

खाली टीव्हीचा आवाज बंद झाला होता. जिन्यात यांची चप्पल वाजली.

फोनमध्ये कागद चाळल्याचा आवाज आला. "थांब आई," लेक म्हणाली, "परत पहिल्यापासून सांग. लिहून घेते."